पावसातलं धाडस

(भिवंडीत पावसाळ्याच्या तोंडावर भरलेल्या महिला मेळाव्यातलं भाषण. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. पावसाळ्यातले धाडसाचे सिनेमे! पोटगी, रेशन, दारू, मारहाण सोडून ही बाई आज सिनेमावर काय बोलणार, असं चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. हसा खुशाल. गेले चार महिने दर दुसऱ्या रविवारी आपण या खोलीत चादर टांगून सिनेमे बघतोय. त्यातल्या बऱ्याच सिनेमांत पाऊस होता, पूर होता. सिनेमा संपल्यावर तुम्ही जे बोललात ते मी वहीत टिपत गेले. ती वही घेऊनच उभी आहे. शिवाय आपल्या किशोरी गटातल्या मुलींबद्दल आज एक निर्णय घ्यायचा आहे. त्याचा आणि या सिनेमांचा संबंध आहे. तो कसा, ते बोलता बोलता येईल.

आधी आपल्या गावाचा पाऊस. भिवंडीत पाऊस सुरू झाला की कामवारी नदी फुगते आणि नदीनाका, ईदगाह रोड, तीनबत्ती इथे राहणाऱ्यांना घड्याळ लावावं लागत नाही, पाणीच उठवतं. २००५ च्या २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याची गोष्ट जगभर गेली. त्याच पावसात आपल्याकडेही घरं पाण्याखाली होती, ती गोष्ट आपल्यापुरतीच राहिली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी कारखान्यात शिरलं की माग बंद, बीम भिजलेले, सूत वाया. मजुरी मीटरवर, त्यामुळे माग बंद म्हणजे मजुरी बंद. कांडी भरणाऱ्या बाईचे पैसे तर त्याहून आधी थांबतात. गोदामात पॅकिंगला जाणाऱ्यांचंही तसंच, गाडी आली नाही की खाडा. आणि पावसाची दुसरी भीती डोक्यावरच्या छताची. सप्टेंबर २०२० मध्ये जिलानी इमारत पहाटेच्या झोपेत कोसळली. कितीतरी बाया आणि लेकरं त्यात गेली. आजही मे महिना संपत आला की धोकादायक इमारतींच्या नोटिसा निघतात, आणि नोटीस मिळालेली बाई विचारते, जाऊ कुठे?

अशा गावात पावसाचा सिनेमा बघायचा म्हणजे मौज असते. पडद्यावर पाणी चढायला लागलं की आपल्यातली एक हमखास म्हणते, "आधी धान्याचा डबा वर ठेव की गं!" नायिका काही ठेवत नाही. तिला घरात धान्य आहे हेच माहीत नसतं.

नव्वदच्या दशकात इथे मागांच्या वस्तीत व्हिडिओ सेंटरं होती. घरदार सोडून आलेले कामगार पाळी संपली की तिथे जाऊन बसायचे. मारधाडीचे सिनेमे चालायचे. बाया त्या दारातून आत जात नव्हत्या. आत काय चालतं ते घरी येणाऱ्या नवऱ्याच्या आणि दिराच्या तोंडून कळायचं. म्हणजे धाडसाचे सिनेमे आपण बघितलेच नाहीत, ऐकले. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, आपल्या पोरी ते सिनेमे बघतात, आणि त्यातून काय घेतात ते आपल्याला विचारायला हवं. म्हणून तर आपण ही रविवारची बैठक सुरू केली.

आता सिनेमातला पाऊस. एक साधी गोष्ट सांगते, कदाचित सगळ्यांना माहीत नसेल. खरा पाऊस कॅमेऱ्यात नीट दिसत नाही. थेंबांच्या मागून उजेड टाकला तरच ते चमकतात. म्हणून बहुतेक वेळा टँकर आणतात, वर पाइप बांधतात, दिवे लावतात आणि पाऊस पाडतात. ज्या महिन्यात आपण हंडे घेऊन नळावर ताटकळत असतो त्याच महिन्यात कुठेतरी टँकरने पाऊस पडत असतो. या पावसात वर्षानुवर्षं दोन कामं चालत आली. नायिकेने भिजायचं, आणि नायकाने लढायचं. ती भिजते तेव्हा कॅमेरा तिच्या अंगावर, तो लढतो तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर. पाऊस तोच, टँकर तोच.

अमेरिकेत १९३९ साली आपल्या पावसावर एक मोठा सिनेमा निघाला होता, 'द रेन्स केम'. रांचीपूर नावाचं एक काल्पनिक संस्थान, तिथे पावसाळा, भूकंप, धरण फुटणं, पूर आणि मग रोगाची साथ. पुराची दृश्यं इतकी जबरदस्त की स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर पहिल्यांदा द्यायला लागले ते याच सिनेमाला मिळालं, तेही 'गॉन विथ द विंड' समोर असताना. त्यातली नायिका एक श्रीमंत गोरी बाई, नवऱ्याला कंटाळलेली, पुरुषांशी खेळणारी. पूर आल्यावर ती इस्पितळात रुग्णांची सेवा करायला लागते. बाई सुधारली! आणि सुधारल्यावर लगेच, रुग्णाच्या पेल्यातलं पाणी चुकून पिऊन, मरते. आपल्यातल्या एका मैत्रिणीने तेव्हा विचारलं, "पुरुष सुधारला तर त्याला राज्य मिळतं, बाई सुधारली तर तिला रोग का मिळतो?" १९५५ मध्ये तोच सिनेमा पुन्हा काढला, तेव्हा तिला जिवंत ठेवलं आणि परत पाठवून दिलं. सोळा वर्षांत झालेली प्रगती एवढीच.

आपल्याकडे यायला नको का? 'तुम मिले' (२००९) मध्ये २६ जुलैचा पूर आहे. इतकी माणसं गेली, सिनेमाला मात्र त्यातून एक जुनी प्रेमकथा पुन्हा जुळवायची आहे. 'केदारनाथ' (२०१८) त्याहून चांगला. २०१३ च्या उत्तराखंडच्या महापुरावर बेतलेला. यात्रेकरूंना पाठीवर वाहणारा मुसलमान पोरगा, पुजाऱ्याच्या घरातली बंडखोर मुलगी. १९७० आणि १९८४ बघितलेल्या आपल्या गावात हा सिनेमा बघताना खोली शांत झाली होती, ते मला आठवतंय. पण पूर आल्यावर ती बंडखोर मुलगी एकदम हलकी होऊन जाते, तिला हेलिकॉप्टरमध्ये चढवायचं असतं. चढवतो तो, आणि वाहून जातो. अर्धा सिनेमा जिने बापाला उत्तरं दिली तिच्या हाताला पाण्यात काही कामच नाही.

मग आपण मल्याळी सिनेमा बघितला, '२०१८', केरळच्या त्या वर्षीच्या पुरावरचा. २०२३ मध्ये आला, भारतातर्फे ऑस्करला पाठवला. त्याच्या नावाखाली लिहिलं होतं, प्रत्येकजण नायक आहे. सिनेमा बांधलाय छान, शेवटच्या अर्ध्या तासात तुम्ही कोणी पाणी प्यायलाही उठला नाहीत. मच्छिमार बोटी घेऊन येतात, आणि हे खरंच घडलं होतं. बायांना बोटीत चढता यावं म्हणून एक मच्छिमार पाण्यात ओणवा झाला आणि त्याने पाठीची पायरी केली, ते चित्र देशभर पोचलं होतं. त्या माणसाला आपला सलाम आहे. पण त्या सिनेमातल्या बाया मोजा. वाट बघणाऱ्या, पोटुशी, छपरावर बसलेल्या, बोटीत घेतलेल्या. आणि पाणी उतरल्यावर काय झालं? केरळात 'कुटुंबश्री' नावाचं बायांच्या बचतगटांचं मोठं जाळं आहे, १९९८ पासूनचं. त्या बाया खराटे, बादल्या, फावडी घेऊन घराघरांत शिरल्या, विहिरी आणि शाळा साफ केल्या. चिखलात साप निघत होते. ते काम आठवडेच्या आठवडे चाललं. सिनेमा पाणी उतरताना संपतो. आपल्याला पूर म्हटलं की आठवतं ते पाणी उतरल्यानंतरचंच. भिंतीवरची ओल, गाद्या, डाइंगच्या पाण्याचा तो लालनिळा गाळ, पोरांच्या भिजलेल्या वह्या. त्याला नायक लागत नाही, बाई लागते.

तुम्ही म्हणाल, सिनेमा आहे, सोडून द्या, करमणूक आहे. मी सोडून दिलं असतं. पण वाट बघण्याची ही जी सवय आहे ना, हाताला हात मिळेपर्यंत जागेवर थांबायचं, तिने खरोखर माणसं मरतात, आणि त्यात बाया जास्त मरतात. १९९१ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात चक्रीवादळ आलं, सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं गेली. मागाहून अभ्यासकांनी गावोगाव फिरून पाहिलं तेव्हा मेलेल्यांमध्ये बायांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. का? कारणं ऐका आणि यातलं परकं काय वाटतं ते सांगा. नवरा घरी नव्हता, त्याला विचारल्याशिवाय घर कसं सोडायचं म्हणून थांबल्या. आसऱ्याच्या जागी परक्या पुरुषांची गर्दी, तिथे वयात आलेली पोर घेऊन कसं जायचं म्हणून थांबल्या. साडी पायात अडकली. केस अडकले. काखेत एक आणि हाताला एक मूल. पोहता येत नव्हतं. झाडावर चढायला कोणी शिकवलेलं नव्हतं. २००४ च्या डिसेंबरमध्ये त्सुनामी आली तेव्हा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर बाया जास्त गेल्या, त्यातही हीच कारणं होती.

बांगलादेश तिथेच थांबला नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्यांनी आसऱ्याच्या इमारती वाढवल्या, इशारा द्यायला गावातल्या बायांनाच स्वयंसेवक केलं, म्हणजे घरातल्या बाईला परक्या पुरुषाच्या हाकेची वाट बघायला नको. २००७ मध्ये सिद्र नावाचं तेवढंच भयंकर वादळ आलं, तेव्हा मृतांचा आकडा काही हजारांवर होता. लाखांवरून हजारांवर. शिवाय तिथे गावच्या तळ्यात बांबूची चौकट बांधतात आणि त्या चौकटीत लहान मुलामुलींना पोहायला शिकवतात. मुलींना सुद्धा. बांबू काही महाग नसतो.

तर मुद्दा हा. मुलग्याला पाऊस म्हणजे अंगणात, ओढ्यात, नदीत उतरण्याचा परवाना. मुलीला पाऊस म्हणजे "आत ये, भिजशील, लोक बघतील." दहा वर्षं हे ऐकल्यावर तिला पोहता येत नाही, भिंत चढता येत नाही, दोर बांधता येत नाही, अंधारात रस्ता ओळखता येत नाही. मग पूर आला की आपणच म्हणतो, बाईची जात, तिला वाचवा.

सगळेच सिनेमे असे नाहीत, हेही वहीत आहे. १९३५ साली 'हंटरवाली' आला. नादिया. जन्म ऑस्ट्रेलियातला, काम मुंबईच्या वाडिया मूव्हिटोनमध्ये. घोड्यावरून, धावत्या आगगाडीच्या टपावरून, हातात चाबूक घेऊन पुरुषांना झोडपणारी बाई, आणि ते बघायला थिएटरं भरायची. तिच्या सिनेमांची नावं तरी बघा, 'हरिकेन हंसा', 'तुफान क्वीन'. वादळ तिच्यावर येत नव्हतं, तीच वादळ होती. पुढे नायिकांची धावपळ कमी झाली, आणि थोडीफार उरली ती करायला पुरुषांना साडी नेसवून उभं करायला लागले. 'शोले'मध्ये बसंतीचा टांगा उधळतो, तेव्हा हेमा मालिनीच्या जागी धोका पत्करला रेश्मा पठाण यांनी. मुंबईतल्या गरीब घरातली मुलगी, कोवळ्या वयात या कामात आली, घर चालवलं. बसंती सगळ्यांना माहीत, रेश्मा पठाण हे नाव आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलं होतं? त्यांच्यावर सिनेमा निघाला २०१९ मध्ये. 'शोले'ला तेव्हा चव्वेचाळीस वर्षं झाली होती.

आणि 'मदर इंडिया' (१९५७). नर्गिसचा पूर. पोरांना फळीवर बसवून ती फळी खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यात उभी असलेली राधा. तिथे कोणी वाचवायला येत नाही. सिनेमाने तिची फार पूजा केली, देवी करून टाकली, त्यावर आपण वेगळं भांडू. पण पुरात बाई काय करते हे त्या एका दृश्यात खरं आहे. ती लढत नाही, पळत नाही, खांदा खाली करत नाही. ज्या आजी त्या दिवशी मागे बसल्या होत्या त्या म्हणाल्या, "हे मी केलंय." कधी, कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही, आपणही विचारलं नाही.

आता दोन सिनेमे, ज्यांवर आपण सगळ्यांत जास्त भांडलो.

पहिला 'तुंबाड'. २०१८ मध्ये आला तेव्हा फार चालला नाही, २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. राही अनिल बर्वे यांचा. यातला पाऊस टँकरचा वाटत नाही. खऱ्या पावसाळी उजेडासाठी त्या लोकांनी कित्येक पावसाळे चित्रण केलं. गोष्ट सुरू होते १९१८ मध्ये. तुंबाड गावात पाऊस थांबतच नाही, कारण तिथे हस्तर नावाच्या लोभी देवाचं मंदिर बांधलं गेलं. हस्तर समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा, त्याला सोनं मिळालं पण धान्य मिळू दिलं नाही, म्हणून तो कायमचा भुकेला. विनायक नावाचा माणूस दोराने खाली उतरतो, पिठाच्या बाहुलीने हस्तरला भुलवतो आणि त्याच्या कमरेची सोन्याची नाणी लुटतो. आणि तो उतरतो कुठे? देवीच्या गर्भात. आपल्यातल्या पोरींना भीती वाटली, आपल्याला आणखी काही वाटलं. सगळं धाडस आईच्या पोटात घुसून चोरी करण्याचं आहे! सुरुवातीला विनायकची विधवा आई म्हाताऱ्या सरकारांकडे वर्षानुवर्षं राबते, अंगानेही राबते, एका नाण्याच्या आशेवर. घरात साखळीने बांधलेल्या म्हातारीला घास भरवते तीच. त्या बाईच्या हिमतीला सिनेमात कोणी धाडस म्हणत नाही. तिचा पोरगा खजिन्याकडे निघतो तेव्हा संगीत वाजायला लागतं.

इथे आपल्या दोन तट पडले. काहींचं म्हणणं, सिनेमा बायांना वापरतो. माझं मत वेगळं आहे. हा सिनेमा पुरुषाच्या धाडसाची चिरफाड करतो. विनायक कधी तृप्त होत नाही, मग पोराला तयार करतो, आणि पोरगा बापाहून हावरा निघतो. हस्तरची भूक ती याच घराण्याची भूक. दिग्दर्शकाला हे दिसलेलं आहे. एकच गोष्ट मला खटकते. त्या बाहुल्यांचं पीठ दळलं, चाळलं, मळलं किती, आणि कोणी, याचा हिशेब कुठे आहे? सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे एक पिठाचा गोळा आहे. पापडाचे गोळे तासावर लाटणाऱ्या आपल्या बायांनी हा प्रश्न काढला, समीक्षकांच्या लिखाणात मला तो सापडला नाही.

दुसरा 'किल्ला'. अविनाश अरुण यांचा, २०१५ च्या जूनमध्ये लागला, त्याआधी बर्लिनला मुलांच्या ज्युरीचं बक्षीस मिळालं होतं. बाप वारलेला, आईची बदली कोकणात, पुण्याचा पोरगा नव्या शाळेत. पोरं सायकली पळवत किल्ल्यावर जातात, पाऊस येतो, बाकीचे निघून जातात आणि हा एकटा आत अडकतो. अंधार, दगड, पाणी. मोठमोठ्या पुरांपेक्षा मला ते दृश्य जास्त धाडसाचं वाटलं, कारण पोरगा खरोखर घाबरलेला आहे आणि कोणी हेलिकॉप्टर पाठवत नाही. तिथून बाहेर आलेला पोरगा आत गेलेल्या पोरासारखा राहत नाही.

पण त्याची आई? अमृता सुभाष यांनी केली आहे. परक्या गावात एकटी बाई, कार्यालयात सह्यांसाठी दबाव, घरी पोराचा रुसवा. तीही एका किल्ल्यात अडकली आहे आणि तिच्याही सोबतीचे निघून गेले आहेत. सिनेमा तिच्याकडे मायेने बघतो, हे मोठं आहे. मराठीत अशी कामावर जाणारी, थकलेली, तरी न रडकी आई फार दिसत नाही. आपल्या गटातल्या नववीतल्या एका मुलीने मात्र वेगळंच विचारलं. म्हणाली, "त्या पोरांत एकही मुलगी का नाही? शाळेत तर दिसतात." खोलीत कोणीच उत्तर दिलं नाही. मग एक आई म्हणाली, "कशी असेल? तिला कोण पाठवेल किल्ल्यावर?"

आता त्या निर्णयाकडे येते. मुलींनी अर्ज दिलाय, सतरा सह्या आहेत. त्यांना दोन गोष्टी हव्यात. एक, पोहायला शिकायचंय. दोन, दुगाडजवळचा गुमतारा किल्ला चढायचाय. तो आपल्याच तालुक्यात आहे, आपल्यापैकी किती जणी गेल्यात? वज्रेश्वरीला सगळ्या जातो, नवस फेडायला. मागचे डोंगर एसटीच्या खिडकीतून बघतो.

कार्यकर्त्यांच्या बैठकीत यावर बरीच बाचाबाची झाली. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत दरवर्षी पोरं जातात, धबधब्याखाली फोटो काढताना, घसरून, ओढ्याच्या लोंढ्यात. मुलीला काही झालं तर संस्था बंद पडेल, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढची वीस वर्षं एकही मुलगी घराबाहेर पडणार नाही. हे बरोबर आहे. म्हणून भर जुलैत किल्ला नको, असंच माझंही मत आहे. पाऊस ओसरल्यावर, वाट कोरडी झाल्यावर, जाणत्या माणसाबरोबर, मोजून आणि यादी करून. भर पावसात कड्यावर उभं राहणं हे सिनेमातलं धाडस, ते मुलग्यांनीही सोडावं.

पोहण्याचं मात्र मी ऐकणार नाही. ते लांबवायचं नाही. ठाण्याला पालिकेचे तरणतलाव आहेत, बायांच्या वेळेची चौकशी करायची. इथे आपल्याकडे का नाही, याचं निवेदन पालिकेला द्यायचं ते वेगळं. कपड्यांचा प्रश्न तुम्ही काढलात. पोहण्याचा अंगभर पोशाख मिळतो, डोक्यापासून पायापर्यंतचा, जिला हवा तिने तो घालावा. "लोक काय म्हणतील" हे ज्यांच्या घरी होणार आहे त्या घरी आपण दोघी-दोघी जाऊन बोलू, एकट्या मुलीला भांडायला लावायचं नाही.

आणि ज्यांना अजून वाटतंय की हे शहरी पोरींचे लाड आहेत, त्यांना २०२२ चा पावसाळा आठवा. याच तालुक्यातल्या एका आदिवासी पाड्यावरून बाळंतपणाला निघालेल्या बाईला रस्ता नाही म्हणून झोळीत घालून चिखलातून न्यावं लागलं. बाळ वाचलं नाही. त्या वाटेवर सिनेमाचा कॅमेरा नव्हता. रस्त्यासाठी आपण मोर्चा काढला पाहिजे, ती मागणी निवेदनात पहिली असेल. आपल्या मुली त्या पाड्यावर जाऊन, ओढा कुठे चढतो, वाट कुठे तुटते, पावसाळ्यात कोणाचे दिवस भरत आलेत याची नोंद करू शकतात का, असं मी त्यांना विचारलं. सतराच्या सतरा हो म्हणाल्या. मग एकीने विचारलं, "ओढा ओलांडायला लागला तर?" म्हणजे पुन्हा पोहण्याशीच आलो.

तर मतदान घेऊ. आधी पोहण्याचं, मग किल्ल्याचं. वेगवेगळं. ज्यांच्या मुली यादीत आहेत त्या आयांनी आधी हात वर करायचे, बाकीच्यांनी नंतर. आणि मुलींनो, तुम्ही दाराशी का उभ्या आहात? आत या, तुमचेही हात मोजायचे आहेत.